मदत हवी आहे: रेनडिअरच्या माश्या आणि आपल्या मेंढ्या

नमस्कार मंडळी, मी पुण्यात एमएस्सी झूऑलॉजी करतेय आणि सेमिनारला रेनडिअर आणि कॅरिबू (उत्तर ध्रुवाकडच्या थंड प्रदेशातली हरणं) यांच्यावरच्या परजीवी माश्या हा विषय घेतलाय. वाचायला लागले आणि त्यातच अडकले. एक माशी, हायपोडर्मा टॅरँडी, उन्हाळ्यात केसांवर अंडी घालते, अळ्या कातडीतून आत शिरतात, पाठीपर्यंत पोचतात, तिथे श्वासासाठी कातडीला भोक पाडतात आणि अख्खा हिवाळा तिथेच वाढून मे-जूनच्या सुमाराला जमिनीवर पडतात. दुसरी तर थेट नाकपुडीपाशी जिवंत अळ्याच फवारते, त्या घशाशी वाढतात आणि वसंतात जनावर खोकून बाहेर टाकतं. खरा त्रास मला वाटतो तो चरण्याचा, तिकडचा उन्हाळा एवढासा आणि तेवढ्यात अंगावर चरबी साठवायची तर कळप माश्यांना घाबरून पळतोय नाहीतर उरलेल्या बर्फावर उभा राहतोय, फार वाईट वाटतं. पाळीव रेनडिअरना आयव्हरमेक्टिन हे परजीवी मारणारं औषध देतात पण रानातल्यांना कोण देणार?

तर प्रश्न असा की आपल्या मेंढ्यांच्या नाकातही अशाच एका माशीच्या अळ्या होतात, ऑस्ट्रस ओव्हिस. सासवड, जेजुरीकडचे धनगर या रोगाला काय म्हणतात? मेंढ्या माशी आली की नाक मातीत खुपसतात, हे कुणी स्वतः पाहिलंय का? कुणाच्या घरी मेंढरं असतील किंवा ओळखीचे जनावरांचे डॉक्टर असतील तर प्लीज सांगा, मी येऊन भेटेन. अशा माशीला गोमाशी म्हटलं तर चालेल का, की ती वेगळी? सेमिनार मराठीत आहे, चुकीचा शब्द नकोय.