काजूच्या सीझनमध्ये बागेतल्या कुत्र्यांना काय आणि कधी घालायचं?

वाळपईकर:
काजूच्या बागेत दोन गावठी कुत्रे आहेत, रात्रभर रानडुकरांच्या मागे धावतात आणि मार्चपासून उन्हाने पार बारीक होतात, सकाळी पेज देतो पण अर्धी टाकतात. काय वाढवू?

कुळागरवाली:
नुसत्या पेजेने पोट भरतं, ताकद येत नाही हो. उकड्या भातात अंडं किंवा शिजवलेला बांगडा काटे काढून घाला. कांदा-लसूण नको, शिजवलेली हाडं तर नकोच, तुकडे होऊन आतड्यात रुततात. आणि खाणं काम आटपल्यावर, धाप थांबली की तासाभराने, भरल्या पोटी धावले तर पोट फुगून पीळ बसू शकतो. पाणी मात्र सतत ठेवा.

रानवाट:
ताईंचं बरोबर, पण आधी गोचीड बघा! कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात. हिरड्या पांढऱ्या, ताप, खाणं टाकलेलं असेल तर गोचीडताप असू शकतो, डॉक्टरकडे नेऊन रक्त तपासा. डुकराच्या सुळ्याची जखम वरून छोटी दिसते, आत खोल असते, हळद भरून बसू नका. आणि कुत्र्यांनी डुक्कर फक्त हाकलायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा आहे.

वाळपईकर:
हिरड्या आत्ताच बघितल्या, एकाच्या फिकट वाटतायत. सकाळीच नेतो.