क्लचवाल्या सेडान आणि आपले घाट : अनुभव लिहा

परवा कासहून उतरताना यवतेश्वरच्या वळणावर गाडी दुसऱ्यात घेतली आणि पोटात कालवलं. ही गाडी गेली की अशी नवी मिळणार नाही. माझी २००४ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची जास्त ताकदीची आवृत्ती : १.८ लिटरचं टर्बो इंजिन, १५० बीएचपी, पाच गिअर. त्यानंतर २०१७ला आरएस २३० आली, २०२०ला देशभरासाठी फक्त २०० आरएस २४५, २०२५ला १०० नव्या आरएस. ताकद २६५ पीएसपर्यंत (पीएस म्हणजे जवळपास बीएचपीच) गेली, पण आपल्याकडे या तिन्हींत क्लचचं पेडल नाही, फक्त ऑटोमॅटिक. आरएस २३०ला युरोपात सहा गिअरची मॅन्युअल मिळत होती, ते मनाला जास्त लागतं. सातारा जिल्ह्यातल्या सगळ्यांनी आपापला अनुभव लिहा.

वाई
मी पसरणी घाटात शिकलो. चढावर गाडी थांबवून वडील मागच्या चाकामागे काडेपेटी ठेवायचे. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा सोडून, गाडी धरायची, हँडब्रेक सोडायचा आणि पुढे निघायचं. काडेपेटी चेपली की पुन्हा पहिल्यापासून. आठ-दहा पेट्या गेल्या असतील. ज्या दिवशी पेटी शाबूत राहिली, त्या दिवशी पाचगणीपर्यंत मी चालवत गेलो, वडील शेजारी गप्प बसून होते. गेल्या दिवाळीत नवी सेडान बघायला गेलो. टर्बो हवं तर ऑटोमॅटिक, क्लच हवा तर साधं इंजिन. विकणारा पोरगा म्हणाला, "काका, मॅन्युअल आता कोण मागतं?" मी मागतोय ना, समोर उभा राहून! बुकिंग न करता परत आलो.

कराड
माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून डीएसजी, म्हणजे स्कोडा-फोक्सवॅगनची ऑटोमॅटिक, घेतली. त्यात दोन क्लच असतात, एक विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा. पुढचा गिअर आधीच लावून तयार असतो, त्यामुळे माझ्या हातापेक्षा ती कितीतरी चपळ आहे. गर्दीत तर सुखच. पण कुंभार्ली उतरताना वळणाआधी स्टिअरिंगमागच्या पॅडलने खालचा गिअर टाकायला जावं, तर आरपीएम (इंजिनाचे फेरे) जास्त दिसले की ती ऐकत नाही. इंजिन वाचवण्यासाठीच तसं केलंय, हे कळतं. तरी त्या क्षणी गाडी माझी राहत नाही. गुडघा साथ देत असता तर मॅन्युअलच घेतली असती.

सातारा, शाहूपुरी
आमच्याकडे जुनी होंडा सिव्हिक आहे, मॅन्युअल, मीच चालवते. २०१९ची नवी सिव्हिक आली तेव्हा आनंदाने माहिती काढली, तर पेट्रोलला फक्त सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक), मॅन्युअल हवी तर डिझेल घ्या. खंबाटकी चढताना तिसऱ्यात इंजिनाचा आवाज भरत जातो तो मला हवाय, डिझेल घेऊन काय करू? आणखी एक सांगते. मी बाई दिसले की शोरूममध्ये न विचारताच ऑटोमॅटिकची चावी पुढे येते. मला गिअर टाकायला आवडतो, हे दर वेळी समजावून सांगावं लागतं.

फलटण
वाईकर काका, अजून दार बंद झालेलं नाही. २०२३च्या ह्युंदाई व्हर्नाला १.५ टर्बो, १६० पीएस आणि सहा गिअरची मॅन्युअल आली. मी तीच घेतली. फोक्सवॅगन व्हर्टसचं जीटी २०२२ला आलं तेव्हा १.५ इंजिनाला फक्त डीएसजी होता, मॅन्युअल पुढच्या वर्षी दिली. वापरलेली गाडीही बघा, मात्र क्लच प्लेट तपासून घ्या.

मेढा
माझं वय २२. लायसन्स मॅन्युअलवर काढलं, पण घरी साधी हॅचबॅक आहे. टर्बो सेडान हाताने गिअर टाकत कधीच चालवली नाही. मी कमवायला लागेन तोवर नवी मिळेल का, याचीच धास्ती वाटते. कुणी एकदा शेजारी तरी बसवाल का?

धागाकर्ता
मेढेकर, रविवारी सकाळी सहाला मेढ्याच्या स्टँडवर येतो. केळघर घाट तुम्ही चढा, मी शेजारी बसतो. क्लच जरा जड आहे, बूट पातळ तळव्याचे घाला.