फसवणुकीच्या कॉल सेंटरात ओळखीचं कुणी होतं का? अनुभव लिहा

गोदाकाठ:
परवा गंगाखेडला दादांना (वडिलांना) फोन आला. तुमच्या आधारवर सिम निघालंय, गुन्हा दाखल झालाय, मुंबई पोलिसांना जोडून देतो. मग व्हिडिओवर वर्दीतला माणूस. दादा रिटायर मास्तर, वर्दी दिसली की खुर्चीतून उठून उभेच राहिले. मी घरीच होतो, फोन हातातून घेऊन बंद केला, पैसे वाचले. पण रात्री झोप लागेना, कारण हे सगळं बोलणं मी आधी ऐकलेलं होतं. आधी भीती घालायची, मग "फोन ठेवू नका", मग "घरात सांगितलं तर त्यांच्यावरही केस होईल", आणि पैशाचं अगदी शेवटी, तेही उपकार केल्यासारखं.

2016 ला मी मुंबईत नोकरी शोधायलो होतो. खोलीवर आमच्याच भागातला एक मित्र होता, बीएस्सी झालेला. त्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या घरी काय असेल ते समजून घ्या. हा मीरा रोडला रात्रपाळीला जायचा. अमेरिकेत फोन लावून "टॅक्स खात्यातून बोलतोय, थोड्या वेळात पोलीस येतील" म्हणायचं आणि गिफ्ट कार्डावरचे नंबर वाचून घ्यायचे. आरशासमोर गोऱ्याचं नाव घेऊन सराव करायचा, आम्ही पोट धरून हसायचो. विचारलं तर म्हणायचा, "गोऱ्याचे पैसे हैत, त्यांची बँक भरून देती." गिफ्ट कार्डाचे पैसे कोण भरून देतंय? ऑक्टोबरात ठाणे पोलिसांचे छापे पडले, 700 च्या वर पोरं ताब्यात, 70 च्या आसपास अटक. हा नेमका बहिणीच्या साखरपुड्याला गावी आलेला. वाचला.

गरिबी खरी, नोकऱ्या नाहीत हेही खरं. पण खोटं नाव कामून घ्यायला लावतात, एवढं न कळण्याइतकं आपलं पोरगं येडं नसतंय. तुमच्याकडचे अनुभव लिहा.

तिफण:
मला "आज रात्री 9:30 ला लाईट कापू" असा मेसेज आला होता. म्हणलं आधी येऊ तर द्या.

जुना मोंढा:
हाहाहा. आमच्या फीडरला फोन करून सांगा त्यांना, ते तर न सांगता कापतेत.

उदगीरची लेक:
फोनवर बोलणारेच का, खातं देणारे काय कमी हैत? चुलतभावानं कॉलेजात असताना खातं, एटीएम आणि सिम दुसऱ्याला दिलं, फसवणुकीचे पैसे त्यातून फिरवायला, कमिशनवर. "मी कुणाला फसवलं? मी तर फोनबी केला नाही" हेच धरून बसला. परराज्यातले पोलीस दारात आले तेव्हा काकांना आधी वाटलं पत्ता चुकलाय. वकिलाच्या फीपायी रान गहाण पडलं. स्वयंपाक राहिलाय, बाकीचं नंतर लिहिते.

रसवंती:
आमची उलटी तऱ्हा. कुण्या चोरानं माझ्याकडं रस पिऊन फोनवरून पैसे दिले असतील, खात्यावर होल्ड लागला, म्हणजे पैसे अडकले. ऐन उन्हाळ्यात. बँक म्हणती सायबर पोलिसांना विचारा, सायबरवाले म्हणतेत गुन्हा दुसऱ्या राज्यातला. आता गल्ल्यावर पाटी लावली, रोख द्या.

मावशीचा बाळ्या:
मला त्या पोरांची दया येत नाही, स्पष्ट सांगतो. मावशी अंगणवाडी सेविका. जमवलेलं सगळं गेलं. पैशापेक्षा "शिकलेली असून कशी काय फसलीस" हे प्रत्येक पाहुण्यानं येऊन विचारलं, त्यानं ती खचली. आता अनोळखी नंबर आला की फोन उशीखाली ठेवती. पलीकडचा पोरगा पण कुणाच्या तरी मावशीचा असेलच की. त्याला पगार काय कमी पडला म्हणून?

शेंगदाणा चटणी:
1930 ह्या सायबर हेल्पलाईनला फोन लावला होता का लगेच? पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात.

मावशीचा बाळ्या:
दुसऱ्या दिवशी लावला. ती रात्रभर कुणाला बोललीच नाही.

रात्रपाळी:
थोडं वेगळं लिहिते, राग येईल काहींना. मी संभाजीनगरला विम्याच्या कॉलवर होते. रीतसर कंपनी, पीएफ, सगळं. रिटायर माणसाला शेअर बाजारातली पॉलिसी "एफडीसारखीच आहे सर" म्हणून विकायची, हे टीम लीडर वहीत लिहून द्यायचा. हिंगोलीच्या एक आजी फोन उचलला की आधी "जेवलीस का बाई" विचारायच्या. मला कुणी चोर म्हणलं नाही, उलट महिन्याचा बेस्ट परफॉर्मर म्हणून कप मिळाला. मग गोदाकाठच्या मित्रात आणि माझ्यात फरक किती?

जुना मोंढा:
फरक हाय ताई. पॉलिसी 30 दिवसांत परत करता येती, विमा लोकपाल हाय, तक्रारीला पत्ता तरी हाय.

रात्रपाळी:
आजींना ते 30 दिवस कोण सांगणार? मी तर सांगत नव्हते.

वसमतची हळद:
गंगाखेडला कुठं राहता तुम्ही? माझं माहेर जनाबाईच्या देवळापाशी.

गोदाकाठ:
मग शेजारीच की. दादा रोज संध्याकाळी तिथंच असतेत, विचारा कुणालाबी मास्तर म्हणून.

वसमतची हळद:
अगं बाई, मास्तरांनीच मला पाढे शिकवले! नमस्कार सांगा.

धारूर घाट:
आमच्या गावचं पोरगं थायलंडला डेटा एन्ट्री म्हणून गेलं, एजंटला पैसे देऊन. बँकॉकहून गाडीत बसवलं ते नदी ओलांडून म्यानमारात. पासपोर्ट काढून घेतला. बाईच्या नावानं चॅट करून लोकांना खोट्या गुंतवणुकीत ओढायचं काम, टार्गेट चुकलं की मार. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी 500 च्या वर लोक परत आणले, त्यात आलं. आता त्याला गुन्हेगार म्हणायचं का? गोदाकाठ, तुमच्या मित्राला दार उघडं होतं. ह्याच्या दारावर बंदूकवाला होता. दोघांना एका तराजूत घालू नका.

मावशीचा बाळ्या:
बंदूक असेल तर माझं काही म्हणणं नाही.

उदगीरची लेक:
आले. भाऊ आता जामिनावर हाय, तारखेला बसनं जातो. आई म्हणती पोरगी बघा ह्याला. मी म्हणलं आधी तिच्या बापाला केसचं सांगा, मग बघा. तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी बोलंना.

तिफण:
बरोबर बोललात.

शेंगदाणा चटणी:
गोदाकाठ, मित्र आता काय करतो?

गोदाकाठ:
पुण्याला मोबाईलचं दुकान. चांगलं चालतंय. दादांचं त्याला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "आमच्या टायमाला व्हिडिओ नव्हता." बाकी काहीच नाही. मग आईची तब्येत विचारली त्यानं.

धारूर घाट:
आमचं पोरगं कॉलेजातल्या पोरांपुढं बोल म्हणलं तर नको म्हणतं. लोक पहिला प्रश्न "किती कमवले रे तिकडं" हाच विचारतेत म्हणं.

रसवंती:
ते होल्ड काढायचं कुणाला माहीत असेल तर सांगा की राव, सीझन संपत आला.