‘ली’ दिसलं की क्रियाविशेषण? हे शिकवणं थांबवा

अमळनेरकर
काल इथे दहावीच्या पोरांसाठी इंग्रजी शब्दांच्या जाती ओळखायचा एक तक्ता पडला: शेवटी ‘ली’ आलं की क्रियाविशेषण, ‘शन’ आलं की नाम. वाचून डोकं तापलं. फ्रेंडली, कॉस्टली, लव्हली ही विशेषणं आहेत. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो मरमर राबतो; ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो कामाला जेमतेम हात लावतो. लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडे. शब्दाची जात वाक्यातल्या जागेवरून ठरते. आधी क्रियापद शोधा: वाक्य भूतकाळात नेलं की जो शब्द बदलतो तो. कट, पुट, हिट बदलत नाहीत, तिथे ‘डिड नॉट’ घालून बघा. मग उरलेल्यांत अनेकवचन कुणाचं होतं ते बघा. शेवटी ‘व्हेरी’ लावून विशेषण धरा.

धुळे ग्रामीण
तक्ता माझाच. सर, तुमची ‘व्हेरी’ची कसोटी ‘मेन’ (मुख्य) आणि ‘वुडन’वर आपटते. दोन्ही विशेषणं, व्हेरी एकालाही चालत नाही. उलट ‘व्हेरी क्विकली’ चालतं, आणि ते क्रियाविशेषण. पेपरात पोरगं एका प्रश्नावर चार प्रयोग करत बसेल का?

चोपडा
दोघंही ‘ली’ कशाला लागलाय ते बघत नाही. नामाला लागला तर बहुतेक विशेषण: फ्रेंड, कॉस्ट, मदर. विशेषणाला लागला तर क्रियाविशेषण: स्लो, क्विक, सडन. लोनली, डेडली, सिकली हे अपवाद वेगळे लिहून ठेवा. वीकली मात्र तिन्हीकडे जातं. साप्ताहिक या अर्थी नामसुद्धा.

यावल
तक्ते राहू द्या, आपल्याकडचं खरं दुखणं ‘जिनिंग’ आहे. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी आणि रुई वेगळी करण्याची क्रिया. आपण मात्र कारखान्यालाच जिनिंग म्हणतो: जिनिंगवर गाडी लावली, जिनिंगला आग लागली. मग पोरगं पेपरात लिहितं, ‘द जिनिंग कॉट फायर’. सबमर्सिबलचंही तेच. विशेषण ठेवलं, पंप गाळला.

भुसावळ
काय भो, इंग्रजांनीही तेच केलं. मोबाइल आधी विशेषण, आता खिशातली वस्तू. बिल्डिंग म्हणजे बांधणं आणि इमारतही. ठिबकची १६ मिमीची नळी, म्हणजे लॅटरल, अंथरतो, ती सिंचनाच्या इंग्रजीतही नामच आहे. मराठीत जिनिंग पक्कं नाम आहे, ‘ला’, ‘वर’ सगळं लागतं. शेतकऱ्याच्या चुका काढू नका.

यावल
शेतकऱ्याच्या चुका कोण काढतंय? माझ्या तोंडी भलतं घालू नका! मराठीत खुशाल म्हणा, मीही म्हणतो. पण बिल्डिंग इमारत म्हणून इंग्रजीत रुळली, जिनिंग कारखाना म्हणून रुळलं नाही. पेपरात ‘जिनिंग फॅक्टरी’च लिहावं लागेल.

भुसावळ
पेपरापुरतं मान्य. त्यापुढे एक पाऊल नाही.

चोपडा
याहून घातक ‘लूज’. नट लूज झाला म्हणतो ना, तो इंग्रजीत ‘लूस’: शेवटी स, स्पेलिंगमध्ये दोन ओ, विशेषण. ‘लूझ’ एका ओचा, क्रियापद, हरवणे किंवा हरणे. आपल्या तोंडात ज बसलाय म्हणून पोरं नटालाही एकच ओ लावतात. कान लावून ऐका, बऱ्याच जोड्यांत शेवटी स असेल तर नाम किंवा विशेषण, झ असेल तर क्रियापद: यूस-यूझ, क्लोस-क्लोझ, हाउस-हाउझ, ॲडव्हाइस-ॲडव्हाइझ. फसवतं ते प्रॅक्टिस. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये नामाला सी, क्रियापदाला एस, पण उच्चार दोन्हींचा एकच.

धुळे ग्रामीण
स-झची ओळ तक्त्यात घालतो. ‘ली’ची काढतो, झालं समाधान? ‘शन’ची मात्र हलवणार नाही.

अमळनेरकर
मेन्शन, ऑक्शन, क्वेश्चन. तिन्ही क्रियापदं म्हणूनही चालतात. ‘द पोलीस क्वेश्चन्ड हिम’ यात ‘क्वेश्चन’ नाम कसं होतं तेवढं दाखवा.