मदत हवी आहे: आरआर लायरे ताऱ्यांवरून जुना तारकागुच्छ ओळखायचा कसा?

ढगाळ_कोथरूड:
धनु रास रात्रभर दिसायचे दिवस आले की पुण्यात ढग. म्हणून दुर्बीण गुंडाळून ठेवली आणि व्हीव्हीव्ही सर्वेक्षणाचा डेटा उघडला. (चिलीतल्या पारानालच्या 4.1 मीटर व्हिस्टा दुर्बिणीने 2010 पासून आकाशगंगेचा मध्यभाग अवरक्तात पुन्हापुन्हा टिपला, तो. फुकट मिळतो.)

आकाशगंगेच्या मध्याभोवती ताऱ्यांचा जो फुगवटा आहे, त्याच्या दिशेला एका जागी तारे दाट वाटतात. तिथेच 0.45 ते 0.7 दिवस आवर्तकालाचे काही रूपविकारी (तेज बदलणारे) तारे सापडले, लाइट कर्व्ह (वेळेनुसार तेजाचा आलेख) आरआर लायरे या फुगत-आकसत तेज बदलणाऱ्या ताऱ्यांसारखे. हे तारे साधारण 10 अब्ज वर्षांहून जुने, तेव्हा घोळक्याने दिसले तर तिथे गोलाकार तारकागुच्छ (जुन्या ताऱ्यांचा दाट गोळा) असणार, असा माझा तर्क. एफएसआर 1716 हा गोलाकार गुच्छच आहे हे 2017 मध्ये याच वाटेने ठरलं ना? आवर्तकालावरून तेजस्विता आणि त्यावरून अंतर काढलं, तर सगळ्यांचं 26 हजार प्रकाशवर्षांच्या आसपास येतंय. एवढ्यावर गुच्छ म्हणता येईल का? गाया या अवकाश दुर्बिणीच्या यादीत निजगती (ताऱ्याचं आकाशात हळूहळू सरकणं) बघायला गेले तर निम्मे तारे तिथे नाहीतच.

रूपविकारी:
26 हजार म्हणजे थेट आकाशगंगेचं केंद्र की हो! फुगवट्यातले आरआर लायरे मोजून दमायला होतं, एकट्या ओगल सर्वेक्षणाने 2014 मध्ये 38 हजारांवर नोंदवले. त्यामुळे त्या दिशेला चार-सहा सापडणं हे नवल नाही. आधी तेवढ्याच आकाराचे आजूबाजूचे तुकडे घ्या आणि तिथे किती निघतात ते मोजा. तुमच्या जागी त्याहून ठळक जास्त असतील तर पुढे बोलू.

अंतर जुळलं यावरही फार भिस्त ठेवू नका. एकेका ताऱ्याच्या अंतरात पाच टक्के चूक धरली तरी ती हजारभर प्रकाशवर्षांच्या पुढे जाते, आणि गुच्छाचा व्यास असतो शे-दीडशे. म्हणजे गुच्छातले आणि त्याच्या मागचे-पुढचे तारे तुम्हाला एकाच अंतरावर दिसणार. शिवाय धूळ प्रकाश किती अडवते याचा नेहमीचा नियम फुगवट्याकडे जसाच्या तसा चालत नाही, तिथे तर सगळ्यांचीच अंतरं एकदम सरकतात.

दाट वाटतं म्हणालात, तेही तपासा. धुळीत भोक असलं की मागचे तारे जास्त दिसतात आणि गुच्छ असल्याचा भास होतो. बाडेची खिडकी अशीच एक विरळ धुळीची जागा आहे. (गंमत म्हणजे तिच्यात एनजीसी 6522 हा खराखुरा गोलाकार गुच्छही आहे.) जे-वजा-के रंगाचा (जे आणि के या दोन अवरक्त पट्ट्यांतल्या तेजाच्या फरकाचा) नकाशा काढा, भोक असेल तर लगेच कळेल.

सदाशिवपेठी_दुर्बीण:
लाइट कर्व्ह परत एकदा बघा. अवरक्तात आरआर लायरेची चढउतार जेमतेम 0.3 प्रतीची (प्रत म्हणजे तेजाचं माप), आणि दृश्य प्रकाशात दिसते ती झपकन चढणारी बाजूही बोथट होते. एकमेकांना चिकटून फिरणाऱ्या ग्रहणकारी जोडताऱ्यांचा निम्मा आवर्तकाल धरला तर तेही हुबेहूब तसेच दिसतात. आवर्तकाल दुप्पट करून घडी घाला, म्हणजे सगळी निरीक्षणं एकाच आवर्तनावर रचा. आलेखातल्या दोन खळग्यांची खोली कमीजास्त निघाली तर तो जोडतारा, यादीतून काढा.

ढगाळ_कोथरूड:
जोडताऱ्यांचं ध्यानात नव्हतं, आज रात्रीच बघते. मग शेवटी निकाल कशाने लागतो? आणि उलट बाजू: आरआर लायरे उरलेच नाहीत तर गुच्छ नाही असं म्हणायचं का?

रूपविकारी:
अजिबात नाही. 47 टुकॅनेसारख्या भल्याथोरल्या गुच्छात आरआर लायरे एकच आहे. जड मूलद्रव्यं जास्त असली की क्षैतिज शाखेतले (गाभ्यात हेलियम जाळणारे) तारे लाल बाजूला जमतात, आणि स्पंदनाचा पट्टा, म्हणजे ज्या तापमानाला तारे आरआर लायरे होतात ती जागा, रिकामा राहतो. फुगवट्यातले बरेच गुच्छ याच जातीचे.

निकाल निजगतीने. गायाची दुर्बीण दृश्य प्रकाशातली होती, दाट धुळीमागे ती अडायची. व्हीव्हीव्हीच्याच प्रतिमांवरून काढलेली विराक ही निजगतींची यादी घ्या. निजगतींच्या आलेखात फुगवट्यातले तारे सगळ्या दिशांना पांगलेले दिसतील, गुच्छातले एका ठिपक्यात. त्या ठिपक्यातल्या ताऱ्यांची रंग-प्रत आकृती (रंगासमोर तेज मांडलेला आलेख) काढून लाल राक्षसांची (फुगलेल्या म्हाताऱ्या ताऱ्यांची) शाखा नीट बारीक येते का ते बघा. तुमचे आरआर लायरे त्याच ठिपक्यात पडले तर आकृती इथे टाका.

सदाशिवपेठी_दुर्बीण:
आणि सहनिर्देशांकही टाका. व्हीव्हीव्हीतून निघालेल्या उमेदवार गुच्छांची यादी लांबलचक आहे, आधी तिच्यात शोधून घेऊ. कागदावर घेऊन बसायचं असेल तर टिळक रोडला ज्योतिर्विद्या परिसंस्था या खगोलप्रेमींच्या संस्थेत विचारून बघा.