साथीच्या काळात पीडितांची मदतकेंद्रं बंद ठेवणं बरोबर होतं का?

मध्यमा

कोविडच्या काळात मी गुन्ह्यांतल्या पीडितांसाठी चालणाऱ्या एका मदतकेंद्रात स्वयंसेवक होते. कुठलं केंद्र ते सांगत नाही, कारण प्रश्न त्या एकाचा नाही. टाळेबंदी लागली आणि तीन दिवसांत आमचं दार बंद झालं. दारावर कागद चिकटवला, 'सेवा फोनवर सुरू राहील', आणि फोन आमच्या घरी वळवले.

एक बाई फोन करायच्या. बोलताना मागे कायम नळ वाहत असायचा. मला आधी वाटलं, कामं उरकता उरकता बोलताहेत. तिसऱ्या फोनला उलगडा झाला. न्हाणीघराची कडी लावून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून त्या बोलत होत्या. नवऱ्याचं काम बंद, त्यामुळे तो चोवीस तास घरात. आमचं बोलणं चार मिनिटांच्या वर कधी गेलं नाही. इतका वेळ नळ कोण सोडून ठेवतं, असा संशय आला की संपलं.

'सेवा फोनवर सुरू' म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. केंद्राचं काम समुपदेशनाच्या आधीच सुरू होतं. तिथे जायचं म्हणून घराबाहेर पडता येतं. तिथलं दार आतून लागतं आणि मारणारा बाहेर राहतो. निम्मी मदत त्या जागेचीच असते, आणि आम्ही नेमकी जागाच काढून घेतली.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटलं. महिनाही झाला नव्हता, तोवर ५ एप्रिलला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस यांनी घरातल्या हिंसेबद्दल जाहीर आवाहन केलं. आश्रयगृहांना अत्यावश्यक सेवा म्हणून जाहीर करा, हे त्यात स्पष्ट होतं. म्हणजे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही.

माझं मत: पुढच्या साथीत ही केंद्रं दवाखान्यांसारखी उघडी राहिली पाहिजेत. विरोधी मतं असतील तर जरूर लिहा.

आडवाट

असहमत. जरा रागानेच असहमत.

एप्रिल २०२० आठवून बघा. लस नव्हती, मास्क डॉक्टरांनाच पुरत नव्हते. आणि अशी केंद्रं चालवतं कोण? मी पाहिलेल्या केंद्रांत तरी निम्मे लोक निवृत्त, साठी ओलांडलेले. 'उघडी ठेवा' म्हणताना त्या खुर्चीत कुणाला बसवणार होतात?

दुसरं, समुपदेशनाची खोली कशी असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. लहान, खिडकी बंद, पडदे ओढलेले, आवाज बाहेर जाऊ नये अशी. तुमच्या भाषेत ती सुरक्षित जागा. विषाणूच्या हिशोबाने तिच्याइतकी वाईट जागा शोधून सापडायची नाही. आश्रयगृहांत तर एका खोलीत दोन-दोन कुटुंबं आणि न्हाणीघर सामायिक.

आता तिसरं, जे लिहावं की नाही याचा विचार करत होतो. मी चाकाच्या खुर्चीवर असतो. काही वर्षांपूर्वी माझ्यावर हल्ला झाला, लुटलं. मदतकेंद्र दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. फोनवर बोलता येईल का विचारलं तर उत्तर आलं, 'आमची पद्धत समोरासमोर बसून बोलण्याची आहे.' नंतर साथ आली आणि अशी अनेक केंद्रं आठवड्याभरात फोनवर आली. तुमचं तर तीन दिवसांत, तुम्हीच लिहिलंय. आमच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं मागितलं ते अशक्य होतं, आणि धडधाकट माणसांना गरज पडली की लगेच शक्य झालं. त्यामुळे फोनवरच्या सेवेला नावं ठेवलेली मला ऐकवत नाहीत.

मध्यमा

आडवाट, खोलीचा मुद्दा बिनतोड आहे. तो मी केलाच नव्हता. आणि आमचंही केंद्र पहिल्या मजल्यावर होतं, लिफ्टशिवाय. हे लिहिताना शरम वाटते.

पण फोन बंद करा असं मी म्हटलेलं नाही. फोन हवाच, शिवाय दारही हवं. तुम्हाला दार नव्हतं म्हणून फोन हवा होता. त्या बाईंना घरात फोन चोरून करावा लागत होता म्हणून दार हवं होतं. दोघांकडूनही निवड काढून घेतली गेली, हीच माझी तक्रार.

आकडेमोड

या विषयावर भावना फार आणि मोजदाद कमी, म्हणून थोडं थंड डोक्याने.

एप्रिल २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा एक आकडा जगभर फिरला: टाळेबंदी सहा महिने चालली तर लिंगाधारित हिंसेची ३ कोटी १० लाख जास्तीची प्रकरणं होतील. बातम्यांमध्ये तो असा आला की जणू कुणी मोजून आणलाय. तो अंदाज होता, आणि हिंसा २० टक्क्यांनी वाढेल हे गृहीत धरूनच केलेला. जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत. अशा आकड्यावर धोरणं आखायची का?

मध्यमा

मग मोजलेला आकडा घ्या. इटलीत १५२२ ही हेल्पलाइन आहे. टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत तिथले फोन कमी झाले आणि काहींनी निःश्वास टाकला. पुढे तिथल्या सांख्यिकी संस्थेने १ मार्च ते १६ एप्रिल २०२० चा हिशोब मांडला: ५,०३१ फोन, आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा ७३ टक्के जास्त.

सुरुवातीची ती शांतता मला जास्त भीतीदायक वाटते. आमच्याकडेही पहिले आठ-दहा दिवस फोन वाजेना. समन्वयक म्हणाल्या, 'बघा, लोक घरात मिळून-मिसळून राहताहेत.' मीही मान डोलावली होती.

आकडेमोड

७३ टक्के वाढ फोनची आहे, गुन्ह्यांची नाही. मधल्या काळात त्या क्रमांकाची जाहिरात झाली, केंद्रांत जाणं अवघड झालं म्हणून तिथले लोकही फोनकडे वळले असतील. पहिल्या दिवसांची घट म्हणजे हिंसा कमी नव्हे हे मान्य, पण मग नंतरची वाढ म्हणजे हिंसा जास्त, हेही सरळ म्हणता येत नाही. हाच नियम दोन्हीकडे लावा एवढंच.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. हिंसा वाढली की नाही हा वाद तुम्ही घाला, मी कामाचं काय झालं ते सांगते.

लैंगिक अत्याचारानंतर घड्याळ चालू असतं. एचआयव्हीला अटकाव करणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. गर्भधारणा टाळणाऱ्या गोळीची मुदत फार तर पाच दिवस, आणि जितका उशीर तितका उपयोग कमी. अंगावरचा पुरावा तर अंघोळ केली, कपडे धुतले की बराचसा जाऊ शकतो. यातलं काहीही फोनवर होत नाही.

त्या काळात लोक दवाखान्याचं तोंड बघायला घाबरत होते. 'मार लागलाय, पण तिथे गेले तर कोरोना घेऊन येईन', हे वाक्य मी किती जणींकडून ऐकलंय. ज्या आल्या त्यांना सोबत कुणी आणायची परवानगी नाही. एरवी मदतकेंद्राची कार्यकर्ती तपासणीच्या वेळी हात धरून उभी असते, तिला फाटकावरच थांबवलेलं. आणि आम्ही पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या पोशाखात, चेहरा दिसत नाही, आवाज मास्कमधून गुदमरलेला. एका मुलीने मला विचारलं, 'तुम्ही बाईच आहात ना?' मी काय करणार, नाव मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून छातीवर चिकटवलं.

आडवाट, तुमचा राग समजतो. पण ती कार्यकर्ती आमच्याइतकीच आत असायला हवी होती, आमच्यासारखाच पोशाख घालून. पोशाख कमी होते हे खरं. पण यादी करताना तिचं नाव कुणी घेतलंच नाही, हेही तितकंच खरं.

काठावरचा

बंद की उघडं, यापलीकडेही मार्ग निघाले होते की. जे उघडं आहे तिथेच मदत नेऊन ठेवायची. स्पेनच्या कॅनरी बेटांवर औषधदुकानात जाऊन 'मास्क १९' मागायचा, की दुकानदार समजायचा आणि मदत बोलवायचा. फ्रान्सनेही औषधदुकानांतून तक्रारीची सोय केली, बाजारसंकुलांत तात्पुरती सल्लाकेंद्रं उघडली आणि पीडितांसाठी हॉटेलच्या २०,००० रात्रींचा खर्च जाहीर केला. हॉटेलं तशीही रिकामीच होती. कॅनडातून हाताची ती खूण निघाली, अंगठा तळव्यात दुमडून वर बोटं मिटायची, व्हिडिओ कॉलवर न बोलता करण्याजोगी.

आडवाट

हॉटेलांबद्दल शंभर टक्के सहमत. वेगळी खोली, वेगळं न्हाणीघर, संसर्गाचाही प्रश्न सुटतो.

गुप्त शब्दांबद्दल मात्र शंका. पेपरात छापून आलेला शब्द गुप्त कसा? मारणारा पेपर वाचत नाही का? शिवाय औषधदुकानात गेलेली व्यक्ती एकटी गेली पाहिजे, आणि काउंटरवरच्या मुलाला प्रशिक्षण मिळालेलं पाहिजे. नाहीतर तो प्रामाणिकपणे सांगणार, 'मास्क संपलेत.'

पुढची तारीख

वकील आहे. (आयडीवरून ओळखलं असेलच.)

इथे सगळी चर्चा घरातल्या हिंसेभोवती फिरतेय. ती महत्त्वाची आहेच, पण पीडित म्हणजे तेवढेच नव्हेत. ज्यांच्या घरातल्या माणसाचा खून झाला त्यांचं बघा. अंत्यविधीला मोजकी माणसं, शोकात असलेल्यांचे आधारगट बंद, आणि खटला सुरूच होत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये ज्युरीपुढचे नवे खटले २३ मार्च २०२० ला थांबले. मे महिन्यात हळूहळू सुरू झाले, तरी २०२१ मध्ये क्राउन कोर्टातले (तिथलं गंभीर गुन्ह्यांचं न्यायालय) प्रलंबित खटले ६०,००० च्या आसपास पोचले. म्हणजे कुणाचं तरी 'पुढच्या वसंतात साक्ष देऊन मोकळी होईन' हे दोन-तीन वर्षांवर गेलं. तोवर सगळं ताजं ठेवायचं, विसरायचंही नाही. अशीलच विचारतात, 'साहेब, तक्रार मागे घेतली तर चालेल का?'

मुलांचा तर कुणी उल्लेखही केला नाही. साथीआधी अमेरिकेत बाल-अत्याचाराचा संशय कळवणाऱ्यांत शिक्षक-शाळा हा सगळ्यात मोठा गट होता. शाळा बंद झाल्या आणि २०२० च्या त्या वसंतात तक्रारी धाडकन खाली आल्या. मूल स्वतः हेल्पलाइन शोधत नाही, त्याचा वळ कुणाला तरी दिसावा लागतो. स्क्रीनवर चेहरा दिसतो, तोही कॅमेरा चालू असला तर.

धागालेखिकेशी माझा मतभेद इतकाच: केंद्र उघडं ठेवून भागत नाही. न्यायालय, शाळा आणि दवाखाना बंद किंवा वाकलेले असताना उघडं केंद्र त्या माणसाला पुढे पाठवणार कुठे?

मध्यमा

वकीलसाहेब, पुढे कुठेच नाही पाठवलं तरी चाललं असतं. तासभर बसू दिलं असतं.

पुढची तारीख

हे वकिलाला पटणं अवघड, पण लक्षात ठेवतो. अवांतर: व्हिडिओवरून साक्ष हा मात्र साथीतला फायदाच. आरोपीच्या समोर उभं राहावं लागत नाही म्हणून माझ्या दोन अशिलांनी साक्ष दिली, एरवी दिली नसती. उलट बाजूचे वकील म्हणतात, शेजारी कोण बसून पढवतंय ते कॅमेऱ्यात दिसत नाही. तेही खोटं नाही.

आडवाट

मी थोडा सरकतो. रात्रपाळींच्या प्रतिसादानंतर 'सगळं फोनवर' असं म्हणणार नाही. पण 'दवाखान्यांसारखं उघडं' हेही नको. हवेशीर जागा, कमी माणसं, तरुण कर्मचारी, त्यांना लस आणि मास्क यांत पहिल्या रांगेत जागा, आणि तळमजला. हे आधीपासून कागदावर असेल तर उघडा. नसेल तर त्या साठीच्या बाईला खुर्चीत बसवून मोठेपणा मिरवू नका.

रात्रपाळी

तळमजला +१.

आणि फोन घेणाऱ्यांचंही कुणीतरी लिहा. मध्यमाताई, ते फोन तुम्ही घरातच घेत होतात ना?

मध्यमा

हो. झोपण्याच्या खोलीत, कपाटाला पाठ लावून. केंद्रात असताना बाहेर पडलं की रस्त्यात ते गळून जायचं, शिवाय बोलायला सहकारी असायच्या. घरी फोन ठेवला की तीच खोली, तोच पलंग. मुलगा दारावर थापा मारतोय आणि पलीकडची व्यक्ती विचारतेय, 'कुणी ऐकतंय का?' खरं उत्तर 'हो' होतं. मी 'नाही' म्हणायचे. अजूनही त्या खोलीत फोनवर बोलत नाही.

काठावरचा

त्या नळवाल्या बाईंचं पुढे काय झालं?

मध्यमा

माहीत नाही. आम्ही उलट फोन करायचा नाही असा नियम होता, आणि तो योग्यच होता, फोन दुसऱ्याने उचलला तर? मे महिन्याच्या मध्यापर्यंत त्या करत होत्या. शेवटच्या फोनमध्ये म्हणाल्या, 'केंद्र कधी उघडणार?' मी म्हटलं, 'बहुतेक पुढच्या महिन्यात.' ऑक्टोबरात उघडलं.