रॅम नाही, जीडीआय ऑब्जेक्ट्स बघा

लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या एक्स११ मध्ये कुठलाही प्रोग्राम शेजारच्या खिडकीत टाइप केलेलं वाचू शकतो, विंडोजमध्ये असं होत नाही, असं इथे कुणीतरी लिहिलंय. त्यातलं एक्स११ चं खरंच आहे. १९८७ च्या प्रोटोकॉलकडून आणखी काय अपेक्षा करणार! पण 'विंडोजमध्ये असं होत नाही' हे पटलं नाही. व्हिस्टापासून साध्या हक्काचा प्रोग्राम ॲडमिन हक्काने चालणाऱ्या खिडकीत ढवळाढवळ करू शकत नाही, एवढंच. दोघे बरोबरीच्या हक्काचे असतील तर कीबोर्ड हुक (दाबलेल्या कळा मधेच टिपायची सोय) लावून एकमेकांच्या कळा आजही वाचता येतात. एक्स११ च्या जागी आलेल्या वेलँडमध्ये मात्र कंपोझिटर (खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्राम) कळ फक्त फोकस असलेल्या, म्हणजे त्या क्षणी वापरात असलेल्या खिडकीलाच देतो.

रिसोर्सेसचा, म्हणजे खिडक्या नि चित्रं दाखवायला प्रोग्राम जे अडकवून ठेवतो त्याचा मुद्दा कुणी काढलाच नाही. सावद्याला केळीच्या एका व्यापाऱ्याकडे बिलिंगचं सॉफ्टवेअर सकाळी झकास चालायचं, आणि संध्याकाळी ट्रक भरायच्या घाईत बटणं गायब, खिडकी अर्धी काळी. "भाऊ, रॅम वाढवून द्या" म्हणून मागे लागले होते. रॅम तर अर्धी रिकामी! टास्क मॅनेजरमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्सचा (पडद्यावर काढायला प्रोग्रामने घेतलेले पेन, ब्रश, फॉन्ट वगैरे) कॉलम चालू केला, तर आकडा दर पावतीला चढत होता. १०,००० ला पोचला की खेळ खलास. एका प्रोसेसला विंडोज मुळात तेवढेच देतं. एक्स११ मध्ये हीच गळती (घेतलेलं परत न करणं) आणखी फसवी, कारण पिक्समॅप (मेमरीत ठेवलेली चित्रं) सर्व्हरकडे, म्हणजे एक्सऑर्ग या प्रोग्रामकडे असतात. मेमरी खातो प्रोग्राम, आणि टॉपमध्ये (चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी आज्ञा) नाव दिसतं एक्सऑर्गचं. तिथे एक्सरेस्टॉप हे टूल लावा, कुणी किती अडकवलंय ते कळतं. व्यापाऱ्याला सध्या जेवायला जाताना प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायला सांगितलंय.